सांप्रदायिक तणावाच्या काळातील श्रद्धा, न्याय आणि संयम : खुदाई खिदमतगार चळवळीचा ऐतिहासिक अभ्यास (१९२९ ते १९४८)

प्रस्तावना

विसाव्या शतकातील भारतीय उपखंडाच्या इतिहासात सांप्रदायिक तणावाचे प्रसंग वारंवार आलेले दिसतात. या प्रसंगांचा इतिहास लिहिताना दंगलीची कारणे, मृतांची संख्या, राजकीय पक्षांची भूमिका आणि शासनाचे अपयश यांवर अभ्यासकांनी भर दिला आहे, आणि तो आवश्यकही आहे. परंतु तणावाच्या त्याच काळात ज्यांनी हिंसेत भाग घेतला नाही, शेजाऱ्याचे रक्षण केले आणि स्वसमाजाचा रोष पत्करून न्यायाची बाजू घेतली, अशा लोकांचा इतिहास तुलनेने उपेक्षित राहिला आहे. मुस्लिम समाजाच्या संदर्भात ही उपेक्षा अधिक जाणवते. धर्मनिष्ठ मुसलमान आणि सहिष्णू मुसलमान हे जणू दोन वेगळे प्रकार आहेत, धर्माची पकड सैल झाल्याशिवाय सहिष्णुता येत नाही, असा एक समज सुशिक्षित वर्गात आढळतो. हा समज इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे तपासण्यासाठी वायव्य सरहद्द प्रांतातील खुदाई खिदमतगार चळवळ हे महत्त्वाचे उदाहरण ठरते. या चळवळीचे बहुसंख्य सभासद नमाज-रोजा पाळणारे, ग्रामीण व अल्पशिक्षित पठाण होते. आणि याच लोकांनी फाळणीच्या वणव्यात हिंदू व शीख शेजाऱ्यांच्या रक्षणाची जबाबदारी घेतली.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) खुदाई खिदमतगार चळवळीच्या अहिंसेची धार्मिक बैठक समजून घेणे.
२) सांप्रदायिक तणावाच्या काळात, विशेषतः १९४६-४७ मध्ये, चळवळीने बजावलेल्या भूमिकेचा आढावा घेणे.
३) या भूमिकेसाठी चळवळीला द्यावी लागलेली किंमत आणि चळवळीच्या मर्यादा यांची चिकित्सा करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वायव्य सरहद्द प्रांतात मुस्लिमांचे प्रमाण सुमारे ९२ टक्के होते. हिंदू व शीख हे संख्येने अल्प असले तरी पेशावर, कोहाट, बन्नू, डेरा इस्माईल खान अशा शहरांतील व्यापार आणि सावकारी यांत त्यांचे स्थान मोठे होते. ग्रामीण भागात हिंदू दुकानदार गावातील एखाद्या प्रभावशाली खानाच्या आश्रयाने राहत असे. अशा आश्रिताला ‘हमसाया’ म्हणत. त्याचे रक्षण करणे हा खानाच्या इभ्रतीचा प्रश्न असे. हे संरक्षण खरे होते. मात्र ते समान हक्कावर उभे नसून आश्रयदात्याच्या मर्जीवर अवलंबून होते. आर्थिक हितसंबंध आणि धार्मिक भावना एकत्र आल्या की ही व्यवस्था कोसळत असे. सप्टेंबर १९२४ मधील कोहाटच्या दंगलीत याचा प्रत्यय आला. एका आक्षेपार्ह पत्रकावरून सुरू झालेल्या या दंगलीनंतर कोहाटमधील हजारो हिंदूंना रावळपिंडीस स्थलांतर करावे लागले. त्याच महिन्यात महात्मा गांधींनी हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी दिल्लीत २१ दिवसांचा उपवास आरंभला.

पठाण समाजातील दुसरी समस्या म्हणजे ‘बदल’, अर्थात सूड. ‘पश्तूनवाली’ या पारंपरिक आचारसंहितेत पाहुणचार आणि शरणागताला अभय यांच्याबरोबर सूडालाही मानाचे स्थान होते. कुटुंबाकुटुंबांतील वैर पिढ्यानपिढ्या चालत असे. ब्रिटिश शासनाने या वृत्तीचे चित्र रंगवून प्रांताला राजकीय सुधारणांपासून दूर ठेवले. १९१९ च्या कायद्यान्वये इतर प्रांतांना मिळालेल्या सुधारणाही सरहद्द प्रांताला त्या वेळी मिळाल्या नाहीत.

या पार्श्वभूमीवर खान अब्दुल गफार खान (१८९०-१९८८) यांचे कार्य उभे राहिले. चारसद्द्याजवळील उतमानझाई या गावी एका जमीनदार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील बहराम खान हे शत्रूला क्षमा करणारे गृहस्थ म्हणून ओळखले जात. गफार खान यांनी १९१० पासून खेड्यांत शाळा काढण्यास सुरुवात केली. १९२१ मध्ये त्यांनी उतमानझाई येथे आझाद शाळेची स्थापना केली आणि त्याच वर्षी त्यांना तीन वर्षांच्या कारावासास पाठविण्यात आले. १९२८ मध्ये ‘पख्तून’ हे पश्तो मासिक निघाले आणि १९२९ च्या अखेरीस ‘खुदाई खिदमतगार’ म्हणजे ईश्वराचे सेवक ही संघटना आकारास आली. पांढरे कपडे लवकर मळत असल्याने स्वयंसेवकांनी ते स्वस्त विटकरी रंगात रंगविले. त्यावरून ‘लाल डगलेवाले’ असे नाव रूढ झाले. या रंगामुळे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी चळवळीवर साम्यवादाचा आरोप केला, परंतु चळवळीची प्रेरणा पूर्णतः वेगळी होती.

अहिंसेची धार्मिक बैठक

खुदाई खिदमतगाराला ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी लागे. ईश्वराला कोणाच्या सेवेची गरज नाही, म्हणून त्याने निर्माण केलेल्या माणसांची सेवा हीच त्याची सेवा, हा त्या शपथेचा गाभा होता. हिंसा व सूड यांपासून दूर राहणे, जुलूम करणाऱ्याला क्षमा करणे, भाऊबंदकी व वैर सोडणे आणि दररोज काही वेळ समाजकार्यास देणे ही बंधने त्यातून येत. संघटनेची दारे सर्व धर्मीयांना खुली होती आणि काही हिंदू व शीखही तिचे सभासद झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. गफार खान यांना ‘सरहद्द गांधी’ ही पदवी लाभल्यामुळे त्यांची अहिंसा गांधीजींकडून उसनी घेतलेली होती, असा समज पसरला. गांधीजींचा प्रभाव त्यांनी कधी नाकारला नाही. तथापि आपल्या लोकांना अहिंसा समजावून सांगताना ते इस्लामचा आधार घेत. प्रेषित मुहम्मद यांनी मक्केतील छळाच्या वर्षांत सहनशीलतेचे जे शस्त्र वापरले तेच आपले शस्त्र आहे, मुसलमान ते विसरले आहेत, असे त्यांचे प्रतिपादन असे. ‘सब्र’ ही कुराणातील संकल्पना त्यांच्या विचारात केंद्रस्थानी होती. सब्र म्हणजे निमूटपणे सोसणे नव्हे. सत्यावर उभे राहून, प्रतिशोध न घेता, परिणाम स्वीकारणे असा त्याचा अर्थ चळवळीने लावला. इस्लामचे सार त्यांनी ‘अमल, यकीन, मुहब्बत’ म्हणजे आचरण, श्रद्धा आणि प्रेम या तीन शब्दांत मांडले.

न्यायाची कल्पनाही याच मुळातून आलेली होती. एखाद्या गटाविषयी मनात वैर असले तरी न्यायापासून ढळू नये, आणि स्वतःच्या आप्तांविरुद्ध साक्ष द्यावी लागली तरी ती द्यावी, अशी कुराणाची शिकवण आहे. सामान्य काळात ही शिकवण सर्वांना मान्य असते. तणावाच्या काळात मात्र ‘आपला’ आणि ‘परका’ ही विभागणी न्यायबुद्धीवर मात करते. पुढे १९४७ मध्ये या शिकवणीचीच परीक्षा झाली.

१९३० ची कसोटी

२३ एप्रिल १९३० रोजी गफार खान यांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात जमलेल्या निःशस्त्र जमावावर लष्कराने गोळीबार केला. मृतांच्या संख्येबाबत सरकारी माहिती आणि विठ्ठलभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस चौकशी समितीचा निष्कर्ष यांत मोठी तफावत होती. समितीला सरहद्द प्रांतात प्रवेश मिळाला नाही, म्हणून तिने रावळपिंडीस साक्षी घेतल्या. तिचा अहवाल सरकारने जप्त केला. या प्रसंगी गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंग गढवाली व त्यांच्या सहकारी सैनिकांनी गोळी चालविण्यास नकार दिला. गोळी चालविण्याचा हुकूम मिळालेले सैनिक हिंदू होते आणि समोरचा जमाव प्रामुख्याने मुस्लिम होता. सैनिकांना लष्करी न्यायालयाने कठोर शिक्षा दिल्या आणि गढवाली यांना जन्मठेप झाली. संयमाचा परिणाम समोरच्या बाजूवरही होतो, याचा हा पुरावा होय. जमावाने शस्त्र उचलले असते, तर या नकाराला नैतिक आधार उरला नसता.

यानंतरच्या दडपशाहीत खेड्यांना वेढे पडले, मालमत्ता जप्त झाली, स्वयंसेवकांना भर चौकात अपमानित करण्यात आले. घरोघरी बंदुका असलेल्या समाजाने या काळात एकंदरीत शिस्त पाळली. मुकुलिका बॅनर्जी यांनी १९९० च्या दशकात हयात असलेल्या वृद्ध खुदाई खिदमतगारांच्या मुलाखती घेतल्या आणि २००० मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्र न उचलण्याला भित्रेपणा न मानता त्यात अधिक मोठे शौर्य पाहण्याची दृष्टी या सामान्य शेतकऱ्यांमध्ये कशी रुजली, हे त्या अभ्यासातून स्पष्ट होते.

तुरुंग आणि वर्धा

तुरुंगवास हा या चळवळीच्या नेत्यांसाठी आंतरधर्मीय परिचयाचा काळ ठरला. गफार खान यांनी कारावासात गीता आणि ग्रंथसाहिब यांचे वाचन केले. पंजाबातील गुजरात येथील तुरुंगात १९३०-३१ मध्ये राजबंद्यांसाठी कुराण व गीता यांचे अभ्यासवर्ग चालत. दुसऱ्याचा धर्मग्रंथ वाचल्याने स्वतःची श्रद्धा उणावते, ही भीती त्यांना वाटली नाही.

ऑगस्ट १९३४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना सरहद्द प्रांत व पंजाब येथे प्रवेशबंदी करण्यात आली. तेव्हा त्यांनी जमनालाल बजाज यांच्या निमंत्रणावरून वर्ध्यास मुक्काम केला. गांधीजींच्या सहवासातील या दिवसांत ते प्रार्थनासभेस उपस्थित राहत आणि आपली नमाजही नेमाने पढत. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना देऊ करण्यात आले होते, पण आपण साधे सैनिक आहोत असे सांगून त्यांनी ते नाकारले. मुंबईतील एका भाषणाबद्दल डिसेंबर १९३४ मध्ये त्यांना वर्ध्यातच अटक झाली आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. महादेव देसाई यांनी या खान बंधूंवर लिहिलेले चरित्रात्मक पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ‘महात्मा’ या आठ खंडांच्या गांधीचरित्राचे कर्ते दीनानाथ गोपाळ तेंडुलकर यांनी गफार खान यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र १९६७ मध्ये प्रकाशित केले. अशा रीतीने या चळवळीचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आला.

१९४६-४७ : वणव्यातील भूमिका

१९४६ च्या निवडणुकीत सरहद्द प्रांताच्या ५० पैकी ३० जागा काँग्रेसने जिंकल्या. मुस्लिम लीगला १७ मिळाल्या. विशेष म्हणजे ३८ मुस्लिम जागांपैकी १९ जागा काँग्रेसकडे आल्या. गफार खान यांचे ज्येष्ठ बंधू डॉ. खानसाहेब मुख्यमंत्रिपदी कायम राहिले. परंतु ऑगस्ट १९४६ पासून कलकत्ता, नोआखाली आणि बिहार येथे उसळलेल्या हिंसेने परिस्थिती पालटली. बिहारमध्ये मुस्लिम मोठ्या संख्येने बळी पडले. तेथील अत्याचारांच्या वार्ता सरहद्द प्रांतात पोहोचल्या आणि सूडाची भाषा सुरू झाली.

या क्षणी चळवळीने दोन आघाड्यांवर काम केले. गफार खान १९४७ च्या आरंभीच्या महिन्यांत बिहारमध्ये होते. मार्चमध्ये गांधीजी तेथे आल्यावर उद्ध्वस्त मुस्लिम वस्त्यांच्या दौऱ्यात ते त्यांच्यासमवेत फिरले. स्वधर्मीयांवरील अन्याय त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पण बिहारचे उत्तर पेशावरमध्ये द्यायचे, हा विचार त्यांनी मुळातच नाकारला. बिहारमधील अपराध्याचा जाब बिहारमध्ये विचारावा. पेशावरचा हिंदू दुकानदार त्याला जबाबदार नाही, अशी ही भूमिका होती. दंगलीच्या मानसिकतेत हीच साधी गोष्ट सर्वप्रथम विसरली जाते.

दुसरीकडे सरहद्द प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये हजारा भागात हिंदू व शिखांवर हल्ले सुरू झाले. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी व परिसरातील हिंसेची झळ पेशावरलाही लागली. तेव्हा खेड्यांतून हजारो खुदाई खिदमतगार शहरात आले. त्यांनी हिंदू व शीख वस्त्यांत पहारे दिले. शस्त्र न बाळगण्याची शपथ घेतलेले हे स्वयंसेवक होते. पारंपरिक ‘हमसाया’ पद्धतीत खान आपल्या आश्रिताचे रक्षण करीत असे. येथे मात्र ज्यांची पूर्वओळखही नव्हती अशा लोकांसाठी शेतकरी उभे राहिले. आश्रयदात्याच्या इभ्रतीची जागा ईश्वरापुढे घेतलेल्या शपथेने घेतली, हा बदल सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

न्यायाची किंमत

या काळातील एक प्रकरण विशेष विचारात घेण्यासारखे आहे. हजारा भागातील हल्ल्यात कुटुंबातील माणसे गमावलेल्या एका शीख स्त्रीचे धर्मांतर करून तिचा विवाह लावण्यात आला होता. प्रकरण शासनाकडे आल्यावर मुख्यमंत्री डॉ. खानसाहेब यांनी तिला पेशावरमध्ये आपल्या घरी आश्रय दिला आणि निर्णय तिच्यावर सोडला. तिने आपल्या शीख नातेवाइकांकडे परत जाण्याची इच्छा व्यक्त केली आणि शासनाने ती मान्य केली. यावरून मुस्लिम लीगने मोठे वादळ उठविले. मुस्लिम झालेल्या स्त्रीला मुस्लिम मुख्यमंत्र्याने परत पाठविले, असा प्रचार झाला. फेब्रुवारी १९४७ मध्ये सुरू झालेल्या लीगच्या सविनय कायदेभंगाच्या आंदोलनात हे प्रकरण ठळकपणे पुढे होते. पेशावरमध्ये मोर्चा थेट मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानापर्यंत पोहोचला.

राजकीय सोय पाहिली असती, तर त्या स्त्रीचे म्हणणे बाजूला सारणे सोपे होते. एका निराधार स्त्रीच्या बाजूने मतपेटी नव्हती. तरीही मंत्रिमंडळाने सक्तीने झालेले धर्मांतर ग्राह्य मानले नाही. धर्मात सक्ती नाही, हे इस्लामी तत्त्व या प्रसंगी घोषणेच्या पातळीवर न राहता शासकीय निर्णयात उतरले. न्याय करण्याची खरी किंमत स्वसमाजातील लोकप्रियता गमावण्यात असते, हे या प्रकरणातून दिसते.

फाळणी आणि त्यानंतर

३ जून १९४७ च्या योजनेनुसार सरहद्द प्रांतात भारत की पाकिस्तान या प्रश्नावर सार्वमत घेण्याचे ठरले. काँग्रेसने हे मान्य केल्यामुळे खुदाई खिदमतगारांना मोठा धक्का बसला. स्वतंत्र पख्तून राज्याचा पर्याय सार्वमतात नसल्याने त्यांनी बहिष्कार घातला. जुलैमध्ये झालेल्या सार्वमतात सुमारे ५१ टक्के मतदारांनी भाग घेतला. पाकिस्तानच्या बाजूने २,८९,२४४ आणि भारताच्या बाजूने २,८७४ मते पडली. २२ ऑगस्ट १९४७ रोजी डॉ. खानसाहेबांचे मंत्रिमंडळ बरखास्त झाले. सप्टेंबरमध्ये पेशावर पुन्हा पेटले आणि बहुतेक हिंदू व शीख कुटुंबांना प्रांत सोडावा लागला.

याच महिन्याच्या आरंभी सरदरयाब येथील बैठकीत खुदाई खिदमतगारांनी पाकिस्तान हा आपला देश म्हणून स्वीकारला आणि नव्या शासनास अडथळा न आणण्याचे ठरविले. फेब्रुवारी १९४८ मध्ये गफार खान यांनी पाकिस्तानच्या संविधान सभेत निष्ठेची शपथ घेतली. तरीही त्यांच्याविषयीचा संशय मिटला नाही. जून १९४८ मध्ये त्यांना अटक झाली. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळ बाब्रा येथे जमलेल्या कार्यकर्त्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात अनेक जण ठार झाले आणि पुढील महिन्यात संघटना बेकायदा घोषित झाली. ब्रिटिशांविरुद्ध लढताना बाळगलेला संयम त्यांना स्वतंत्र देशात, स्वधर्मीय शासनासमोरही बाळगावा लागला.

चळवळीच्या मर्यादा

या चळवळीचे मूल्यमापन करताना तिच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. हजारा भागात, जेथे चळवळीची पाळेमुळे कमकुवत होती, तेथे ती हिंसा रोखू शकली नाही. संघटना बव्हंशी पेशावर खोऱ्यातील पश्तोभाषक ग्रामीण भागात बळकट होती. १९४६ नंतर तिचे अनेक समर्थक लीगकडे वळले. १९४७ च्या उत्तरार्धाकडे वाटचाल होत असताना गफार खान यांचे पुत्र गनी खान यांनी ‘झलमे पख्तून’ ही तरुणांची संघटना उभारली. ती अहिंसेने बांधलेली नव्हती. खुदाई खिदमतगारांचे रक्षण करणे हा तिचा हेतू होता. अहिंसेच्या प्रणेत्याच्या घरातच हा पर्याय पुढे यावा, यावरून त्या काळातील दडपणाची तीव्रता लक्षात येते. शिवाय चळवळ मोठ्या प्रमाणात एका व्यक्तीच्या नैतिक अधिकारावर उभी होती. त्या व्यक्तीस दीर्घकाळ तुरुंगात ठेवल्यावर संघटनेची वीण सैल झाली.

तरीही ही निष्ठा प्रसंगापुरती नव्हती, हे १९६९ मध्ये दिसून आले. गांधी जन्मशताब्दीनिमित्त गफार खान भारतात आले, तेव्हा अहमदाबादेत सप्टेंबरमध्ये भीषण दंगल होऊन गेली होती. न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी आयोगाने मृतांची संख्या ६६० नोंदविली असून त्यात बहुसंख्य मुस्लिम होते. गफार खान यांनी सत्कार स्वीकारण्याआधी तीन दिवसांचा उपवास केला आणि नंतर ते अहमदाबादेस गेले. जवळपास ८० वर्षांच्या या वृद्धाने यजमान देशाला गांधींचे स्मरण करून दिले. पण बिहारप्रमाणे येथेही त्यांनी सूडाची भाषा केली नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) खुदाई खिदमतगारांची अहिंसा व सहिष्णुता धर्मश्रद्धेच्या अभावातून आलेली नव्हती, इस्लामच्या सब्र, क्षमा आणि न्याय या मूल्यांतून ती घडली होती. धर्मनिष्ठा आणि सहिष्णुता परस्परविरोधी आहेत, हा समज या उदाहरणापुढे टिकत नाही.

२) एका ठिकाणच्या अन्यायाचा सूड दुसऱ्या ठिकाणच्या निरपराध शेजाऱ्यावर उगवायचा नाही, हे तत्त्व चळवळीने १९४६-४७ मध्ये आचरणात आणले. सांप्रदायिक हिंसेची साखळी येथेच तुटू शकते.

३) तणावाच्या काळातील संयम आयत्या वेळी निर्माण होत नाही. १९१० पासूनच्या शाळा, १९२९ नंतरची शपथ, दैनंदिन सेवा आणि तुरुंगातील शिस्त यांतून तो जवळपास चार दशकांत तयार झाला. जेथे हे काम झाले नव्हते, तेथे चळवळ अपुरी पडली.

४) न्यायाची बाजू घेणाऱ्यांना दोन्ही बाजूंचा संशय सहन करावा लागला. फाळणीपूर्वी लीगने त्यांना हिंदूंचे हस्तक म्हटले. फाळणीनंतर पाकिस्तानने त्यांच्या निष्ठेवर विश्वास ठेवला नाही आणि ज्यांच्यासोबत ते लढले, त्या भारतीय नेतृत्वालाही त्यांच्यासाठी फारसे काही करता आले नाही.

पेशावरच्या गल्ल्यांत पहारा देणाऱ्या त्या हजारो शेतकऱ्यांपैकी फारच थोड्यांची नावे इतिहासात नोंदली गेली. दंगलीत किती माणसे मारली गेली, याचे आकडे अहवालांत सापडतात. कोणामुळे किती माणसे वाचली, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. सांप्रदायिक संबंधांचा इतिहास पूर्णत्वास न्यायचा असेल, तर ही दुसरी बाजूही स्थानिक पातळीवर, मौखिक साधनांच्या आधारे नोंदविली जाणे आवश्यक आहे.